नामपट्टी हरवलेली पेडल स्टील गिटार

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत ओहायोमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने जुन्या घरसामानाच्या विक्रीतून दहा तारांची पेडल स्टील गिटार घेतली. एकच गळा, तीन पेडल, गुडघ्याने ढकलायचा एक लिव्हर. पुढची नामपट्टी गेलेली, तिची दोन भोकं तेवढी उरली आहेत. पडद्यांच्या पट्टीवर बदाम, इस्पिक, चौकट, किलवर अशी पत्त्यांची चिन्हं. पेडल सोडलं की स्वर जागेवर परतत नाही, तिसरी तार दोन दिवसांत तुटते आणि आवाज मधूनच जातो. ही गिटार कोणाची, केव्हाची, आणि दुरुस्त होईल का?

दुरुस्त होईल, आणि बहुधा फारसे सुटे भाग न बदलता. या तिन्ही तक्रारींमागे बहुतेक वेळा पन्नास वर्षांचं घट्ट झालेलं तेल, धूळ आणि थोडी झीज एवढंच असतं. पण सध्या पॉलिश, सँडपेपर, पाना यांतलं काहीही हातात घेऊ नका. ही गिटार कोणाची हे वरून कळत नाही, पोटाकडून कळतं. आणि पोटाकडची मांडणी एकदा विस्कटली की ओळखही जाते आणि सूरही.

ज्यांनी फक्त हवाईयन गिटार पाहिली आहे, त्यांच्यासाठी फरक सांगतो. ब्रिजभूषण काबरांनी जिच्यावर राग वाजवले त्या गिटारवर मींड निघते ती सळईने, आणि सळईखालच्या सगळ्या तारा एकदमच सरकतात. पेडल स्टीलमध्ये सळई जागेवर असताना एक-दोन तारांचाच स्वर पायाने चढवता येतो किंवा गुडघ्याने उतरवता येतो, बाकीच्या तारा तशाच गात राहतात. हे काम उजव्या टोकाचा चेंजर करतो. प्रत्येक तार अॅल्युमिनियमच्या एका बोटावर वळसा घेऊन अडकलेली असते, आणि ही दहा बोटं एका पोलादी आसावर डुलतात. पेडल दाबलं की पोटाखालची आडवी दांडी फिरते. तिच्यावरची बेलक्रँक, म्हणजे दांडीवर बसवलेला छोटा हात, लांब पुल रॉड ओढते, रॉड बोटाला ओढतो, तार ताणली जाते. डाव्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, प्रत्येक तार एका छोट्या रोलरवरून जाते. बिघाड शोधायचा तो या साखळीतच.

आता ओळख. ही गिटार तिच्या पेटीत उलटीच झोपते, त्यामुळे पोट पाहायला पेटीच सोयीची. पाय आणि पेडलचे उभे रॉड सोडवून ठेवा, गिटार पेटीत उलटी ठेवा आणि टॉर्च घ्या.

रॉडऐवजी केबल दिसल्या तर ती बहुधा फेंडर कंपनीची. 1950 च्या दशकाच्या शेवटी आलेली 400 (एक गळा, आठ तारा) आणि 1000 (दोन गळे) या मालिका केबलवर चालत. तुमच्या दहा तारा आहेत. फेंडरने दहा तारांची 800 नंतर काढली, पण तिच्यावर पत्ते नसतात. केबल नसतील तर फेंडर विसरा.

उतरणारी तार ओढून नव्हे तर ढकलून उतरत असेल, तर ती एमन्सची पुश-पुल. वादक बडी एमन्स 1963 मध्ये शो-बड या गिटार कंपनीतून बाहेर पडले, आणि रॉन लॅशली यांच्याबरोबर त्यांनी उभी केलेली कंपनी नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनची. या गिटारींचं अंग बहुतेक चकचकीत मायकाने मढवलेलं असतं, काळा रंग सर्वांत जास्त. पुश-पुल निघाली तर मात्र खालची सुधारणेची पद्धत तशीच्या तशी लावू नका. तिची सूर लावण्याची क्रमवारी वेगळी आहे, आणि एक स्क्रू चुकीचा फिरला तर तीन स्वर बिघडतात.

चढ आणि उतार दोन्ही ओढूनच होत असतील आणि उजव्या टोकाच्या पट्टीतून षटकोनी नायलॉनच्या टोप्या डोकावत असतील, तर ती ऑल-पुल. त्यात शो-बड आहे, डॅलसची एमएसए आहे आणि नंतरच्या बहुतेक सगळ्या आहेत. पत्त्यांची चिन्हं ही शो-बडची खूण. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी 1950 च्या दशकात टेनेसीत सुरू केलेली ही कंपनी, पुढे नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर तिचं दुकान होतं. तीन पेडल आणि एकच लिव्हर ही विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मॉडेलांची मांडणी. शो-बडमध्ये अशा मॉडेलचं नाव मॅव्हरिक. तेव्हा पहिला अंदाज मॅव्हरिकचाच.

पण अंदाजावर थांबू नका. पडद्यांची पट्टी चिकटवलेली असते, ती बदलता येते, आणि पत्त्यांच्या नकला विकत मिळतात. त्यामुळे मोजपट्टी घ्या. डावीकडच्या रोलरच्या माथ्यापासून बाराव्या पडद्याच्या रेघेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. 24 इंच आले तर शो-बडशी जुळतं, 24.25 इंच आले तर एमन्सशी. पाव इंचाचा हा फरक मोजपट्टी तिरकी धरली तर हरवतो, म्हणून तीनदा मोजा. मग रोलरपासून थेट चेंजरच्या माथ्यापर्यंतही मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर पट्टी दुसऱ्याच गिटारची आहे.

मॅव्हरिक असेल तर पुढचा प्रश्न आधीची की नंतरची. आधीच्यांचं अंग खऱ्या मेपलचं, लॅकर दिलेलं, आणि चेंजर बराचसा मोठ्या शो-बडसारखा. नंतरच्यांवर लाकडाच्या रेषा छापलेलं आवरण चिकटवलेलं असतं आणि यंत्रणा साधी केलेली. कडांवर, पायांच्या खोबणीपाशी, भोकांच्या आत पाहा. खऱ्या मेपलच्या रेषा कडेवरून वळून खाली उतरतात, छापील आवरणाच्या रेषा कडेवर तुटतात किंवा तिथे सांधा दिसतो. चेंजरच्या मागून प्रत्येक बोटाला रॉड अडकवायची किती भोकं आहेत तेही मोजून ठेवा. पुढे कधी आणखी लिव्हर बसवायचे ठरवलंत, तर ते शक्य आहे की नाही हे या भोकांवर ठरतं. एका बोटाला एकच चढ आणि एकच उतार असेल, तर नवे लिव्हर बसवण्यात पैसे घालू नका.

वर्ष शोधायला आवाजाचं किंवा टोनचं पोटेन्शियोमीटर असेल तर त्याची पाठ वाचा. तिथे सहा-सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे (137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल), नंतर वर्ष, शेवटचे दोन आठवड्याचे. 1377214 म्हणजे सीटीएस, 1972, चौदावा आठवडा. यावरून गिटार त्याआधीची नाही एवढंच कळतं, आणि तेही पोटेन्शियोमीटर मूळचं असेल तर. त्याचे सोल्डरचे ठिपके बाकीच्या ठिपक्यांसारखेच मळकट आहेत का ते पाहा. चकाकणारं सोल्डर म्हणजे नंतरचा हात. टोकांच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला आणि लाकडाच्या पोटावर ठोकलेला क्रमांक किंवा पेन्सिलची अक्षरंही शोधा. ती सापडली तर तिथे ओला कपडा लावू नका.

ओळख पटली, आता सोडवण्याआधीची नोंद. प्रत्येक आडव्या दांडीचा सरळ वरून एक फोटो, प्रत्येक बेलक्रँकचा जवळून एक. कोणता रॉड कोणत्या तारेच्या कोणत्या भोकात गेला आहे याचा तक्ता कागदावर काढा, फोटोत रॉड एकमेकांमागे लपतात. बेलक्रँकची दांडीवरची जागा बारीक टोकाच्या पेनाने खूण करून ठेवा. हत्यारं इंचाची लागतात, हे सर्वांत महत्त्वाचं. अमेरिकन गिटारमध्ये मिलिमीटरची अॅलन की जवळपास बसते, आणि तेवढ्यानेच छोट्या स्क्रूचे कोपरे गोल होतात. मग तो ड्रिल करूनच काढावा लागतो. 1/8, 3/32 आणि 5/64 इंचाच्या अॅलन की आणि नायलॉन टोप्यांसाठी 3/16 इंचाचा नट ड्रायव्हर, एवढं जवळ असू द्या.

स्वर परत न येण्याच्या तक्रारीत दुरुस्तीपेक्षा निदान महत्त्वाचं, आणि निदानाला फक्त एक ट्यूनर लागतो. पाचवी तार, म्हणजे बी, मोकळी वाजवून काट्यावर आणा. पहिलं पेडल दाबून ती सी शार्पला न्या, सोडा, पुन्हा वाजवा. आता काटा कुठे आहे ते नीट पाहा. स्वर थोडा चढा राहिला असेल, तर बोट पूर्ण मागे आलेलं नाही: दोष उजवीकडे, चेंजरमध्ये किंवा पेडलच्या साखळीत. स्वर थोडा उतरलेला असेल, तर दोष डावीकडे, रोलरमध्ये. तार ताणली जाताना खुंटीकडची थोडी तार रोलरवरून उजवीकडे सरकते. रोलर फिरत नसेल तर ती घर्षणाने तिकडेच अडकते आणि मोकळा स्वर उतरतो. लिव्हरने उतरणाऱ्या तारेत हेच उलटं होतं. उतरवून सोडल्यावर स्वर खाली राहिला तर चेंजर अडकतोय, वर राहिला तर रोलर. दहाही तारांचा असा तक्ता केलात की कुठे हात घालायचा ते आपोआप ठरतं, आणि अर्ध्याहून जास्त वेळा चेंजर उघडावाच लागत नाही.

तिसरं एक कारण याहून सोपं, आणि ते आधी तपासायचं. त्या तारेची नायलॉन टोपी अर्धा फेरा सैल करा. मोकळा स्वर हलला तर टोपी आधीच जास्त आवळलेली होती आणि बोट कायम ओढलेल्या अवस्थेत लटकत होतं. मोकळ्या स्थितीत प्रत्येक रॉडला किंचित ढिलाई हवीच. आधीच्या मालकाने खुंटी फिरवायच्या ऐवजी टोपी फिरवून सूर लावलेला असला की हा घोळ हमखास सापडतो. तसंच चढवलेला स्वर लिबलिबीत लागत असेल, पेडल पूर्ण खाली गेलं तरी सी शार्प गाठला जात नसेल, तर बोटाच्या उतार करणाऱ्या भागाला मागे धरणारी स्प्रिंग थकलेली असते. ताण वाढला की तो भाग पुढे सरकतो आणि कमावलेला चढ खाऊन टाकतो.

सफाईला नॅफ्था घ्या, लायटरमध्ये भरतात ते द्रावण. अॅसिटोन आणि थिनर नको, लॅकर खातात. फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवणारं तेल तर नकोच. ते आज सगळं मोकळं करतं आणि काही महिन्यांनी त्याचीच चिकट मळी होते. जुन्या चेंजरमध्ये जी मळी दिसते ती बऱ्याचदा अशाच कुणीतरी मारलेल्या फवाऱ्याची असते. तारा एकेक करून नव्हे, सगळ्या मिळून टप्प्याटप्प्याने सैल करा आणि काढा. खिडक्या उघडा, जवळपास पेटता बर्नर किंवा हीटर नको. चेंजरच्या भोवती लाकडावर जुना टॉवेल खोचा, सुईच्या टोकाच्या बाटलीने बोटांच्या मधल्या फटींत नॅफ्था सोडा आणि प्रत्येक बोट हाताने वीस-पंचवीस वेळा डुलवा. पहिल्यांदा तपकिरी पाणी गळेल, तंबाखूसारखं. ते पुसा, पुन्हा सोडा. गळणारं द्रावण पांढऱ्या चिंधीवर डाग सोडत नाही तोवर हे चालू ठेवा, साधारण चार-पाच फेऱ्या. रात्रभर वाळू द्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब: प्रत्येक बोटाच्या आसापाशी, आडव्या दांड्यांच्या दोन्ही टोकांना, बेलक्रँकमधल्या पितळी सांध्यांना. थेंब म्हणजे थेंबच, ओघळ दिसला तर जास्त झालं. रोलर मात्र आसासकट बाहेर काढा, नॅफ्थात बुडवा, भोकातून लाकडी दातकोरणी फिरवा आणि क्रमानेच परत बसवा. प्रत्येकाची खाच त्याच्या तारेच्या जाडीची असू शकते. अंड्यांचा ट्रे घ्या, खणांवर एक ते दहा आकडे टाका.

एवढं करूनही एखादं बोट अडलंच, तरच चेंजर बाहेर काढायचा आणि आस ओढायचा. आस वाकलेला नाही ना, हे काचेवर लोळवून पाहा. बोटाच्या बाजू घासून सैल करायचा मोह टाळा. त्या घासल्या की बोट डुगडुगतं आणि तार वाजते तेव्हा धातू किणकिणतो.

आता तिसरी तार. नॅशव्हिल ई नाईन या पेडल स्टीलच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ती जी शार्प असते, जाडी 0.011 इंच, गिटारमधली सर्वांत बारीक आणि सर्वांत उंच. 24 इंच लांबीवर तिच्यावर सुमारे साडेबारा किलोचा ताण येतो, आणि दुसऱ्या पेडलने ती ए झाली की चौदा. तुटण्याच्या मर्यादेपासून हे फार लांब नाही, त्यामुळे चांगल्या गिटारवरही ती बाकीच्यांच्या आधी जाते. पण दोन दिवसांत नव्हे. तुटलेला तुकडा टाकून देऊ नका, कुठे तुटली ते पाहा. बोटाच्या माथ्यावर तुटली असेल, तर तिथे तारेने खाच कोरली आहे. नखाने चाचपा. नख अडकलं तर ती खाच तारेला प्रत्येक पेडलबरोबर एकाच बिंदूत वाकवते आणि थकवते. उपाय: 400 नंबरचा पॉलिश पेपर पट्टी करून माथ्यावर बुटाला पॉलिश करतात तसा मागेपुढे ओढायचा, मग 600, 1000, 2000, शेवटी धातूचं पॉलिश आणि ते पूर्ण धुऊन काढायचं. माथ्याची गोलाई जशीच्या तशी राहिली पाहिजे. सपाट झाला तर तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते, आणि इथे ती झणझण नको असते. खाच खोल असेल तर बोटच बदलायचं. खुंटीपाशी तुटत असेल, तर खुंटीच्या भोकाची धार दोषी, किंवा वेढे एकमेकांवर चढलेत. तीन-चार नीट वेढे पुरतात.

पोटाखालचे करडे, बोजड, ओतीव भाग सांभाळून हाताळा. 1970 च्या दशकातल्या काही गिटारींत लिव्हरचे ब्रॅकेट आणि इतर तुकडे जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. स्क्रूच्या भोकाभोवती केसासारखी चीर पडते, आणि तुटला तर आतून साखरेसारखा दाणेदार दिसतो. त्याला वेल्डिंग चालत नाही, सुमारे 400 अंशांवरच तो वितळतो. इपॉक्सीने जोडलेला लिव्हर चार दिवस टिकतो आणि नेमका वाजवताना सुटतो. असा तुकडा अॅल्युमिनियममध्ये नवा करून घ्यावा. अमेरिकेत असे भाग यंत्रावर कापून देणाऱ्या छोट्या कार्यशाळा आहेत. मूळ तुकडा पिशवीत घालून पेटीतच ठेवा.

मधूनच आवाज जाण्याचं कारण नव्वद टक्के वेळा जॅक किंवा त्याची तार. जॅकची जीभ किंचित आत वाकवा, सोल्डर पुन्हा वितळवा. मग मल्टिमीटरने पिकअप मोजा. पेडल स्टीलच्या पिकअपला साधारण 12 ते 20 किलोओहम दाखवतात. काहीच दाखवत नसेल तर वेटोळं तुटलं आहे, ते पुन्हा गुंडाळून मिळतं, पिकअप फेकायचा नाही. आवाजाचं पेडल वेगळं असतं आणि त्यातलं 500 किलोओहमचं पोटेन्शियोमीटर झिजून खरखरतं, तेव्हा गिटारला दोष देण्याआधी ते वगळून थेट अॅम्प्लिफायरला लावून पाहा.

नव्या तारा पहिलीपासून दहावीपर्यंत: 0.013, 0.015, 0.011, 0.014, 0.017, 0.020, आणि गुंडाळलेल्या 0.026, 0.030, 0.034, 0.036. स्वर त्याच क्रमाने एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. आधी सर्व पेडल मोकळी ठेवून खुंट्यांनी सूर लावा. मग पहिलं पेडल: पाचवी आणि दहावी बीवरून सी शार्प. दुसरं: तिसरी आणि सहावी जी शार्पवरून ए. तिसरं: चौथी ईवरून एफ शार्प आणि पाचवी सी शार्प. हे चढ नायलॉन टोप्यांनी, पेडल थांब्यापर्यंत पूर्ण दाबून लावायचे. एकच लिव्हर असेल तेव्हा तो सहसा चौथी आणि आठवी ईवरून डी शार्पला उतरवतो. पेडल क्रमाने उलटी सापडली, सी-बी-ए, तर ते बिघाड नाही. वादक जिमी डे यांच्या नावाची ती मांडणी आहे आणि बरेच वादक तीच वापरतात.

ट्यूनरच्या मध्यभागी जी शार्प आणलात तर ईच्या जोडीला ती टोचेल. ई हा षड्ज धरला तर जी शार्प हा गंधार. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे सांगावं लागत नाही. अनुभवी वादक जी शार्प दहा ते चौदा सेंट खालीच लावतात. ज्या कानाने तंबोरा लावता, त्याच कानाने लावा.

मग पहिली दोन पेडल एकदम दाबून चौथी तार वाजवा. तिला ती पेडलं लागू नाहीत, तरी काटा काही सेंट खाली जाईल. ताण वाढला की लाकडाचं अंग किंचित वाकतं. जुन्या लाकडी गिटारमध्ये थोडं होणारच. फार झालं तर चेंजरचे आणि पायांच्या खोबण्यांचे स्क्रू सैल आहेत का ते बघा, ते आवळूनच बराच फरक पडतो.

बाहेरच्या अंगाला ओलसर मऊ कपडा आणि नंतर कोरडा, एवढंच. लॅकरवरच्या बारीक भेगा घासून घालवू नका, नवं लॅकर चढवू नका. मेपलचा तो मधासारखा पिवळेपणा वयाचा आहे, आणि जाणता गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतो. नामपट्टीच्या जागी नवी नक्कल लावायची तर ती जुन्याच दोन भोकांत बसेल अशीच घ्या, तिसरं भोक पाडू नका.

कधी ही गिटार पुण्या-मुंबईला आणायची झालीच, तर गिटारला विजेचा प्रश्न नाही, अॅम्प्लिफायरला आहे. अमेरिकन अॅम्प्लिफायर 120 व्होल्टचा, इथे 230, मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका आणि तारा पेटीत ठेवण्याआधी कोरड्या चिंधीने पुसा. नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात, तेव्हा आठव्या दिवशी सूर पुन्हा पहिल्यापासून लावा, आणि नायलॉन टोप्यांची ढिलाई तेव्हा पुन्हा तपासा.